खालच्या खिडक्या

१

लग्न होऊन आली तेव्हा सुरुवातीला तिला वाटलं, या घरात सतत भांडणं चालू असतात. नंतर कळलं, त्या गप्पा आहेत. सासऱ्यांना, म्हणजे तात्यांना, ऐकू येत नसे. त्यांच्याशी ओरडून बोलता बोलता सगळ्या घराचाच आवाज चढून बसला होता. सासूबाई "मीठ दे" म्हणायच्या तेसुद्धा आग लागल्यासारखं. नवरा काही गोड बोलायला गेला, तरी ते पुढच्या चार घरांना कळायचं. तिचा स्वतःचा आवाज मात्र असा की दुकानदारसुद्धा "काय म्हणालात?" असं विचारूनच वस्तू द्यायचा.

तात्यांना बोलवायचं असलं की सासूबाई जमिनीवर टाच आपटायच्या. फरशीतून धक्का पोचला की तात्या मान वर करायचे.

"त्यांना नाही, फरशीला हाक मारते मी," सासूबाई म्हणायच्या. "ती तरी ऐकते बिचारी."

योगायोग असा, की ही नवी सून कानांच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर म्हाताऱ्यांच्या कानांचे साचे घ्यायचे, श्रवणयंत्रं बसवायची, संध्याकाळी घरी येऊन घशाच्या शिरा ताणलेलं कुटुंब बघायचं. सोनाराच्या घरी पितळ, तसं.

घर वसाहतीच्या शेवटच्या रांगेत होतं. जोडघर. मधली भिंत सामाईक, आणि पलीकडचं अर्धं घर कुलूपबंद. मालक परगावी. मागं दोन्ही घरांना मिळून एक लांब ओटा, मधे पत्र्याचा आडोसा, आडोशाखाली वीतभर फट. ओट्यापलीकडे कुंपण, मग ओढा, मग झाडी, मग टेकडी.

आवाजाचं काम करणाऱ्या माणसाला शांतता लवकर टोचते. ती आल्यापासून तिला काहीतरी खटकत होतं, आणि एका सकाळी दात घासताना ते सापडलं. गल्लीत कुत्रं भुंकत नव्हतं. एकही.

"कुत्री कुठायत रे इथली?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत म्हणजे नाहीत. बरंय की, झोप लागते." आणि तो शर्टाची बाही सारखी करत निघून गेला.

२

तात्यांना यंत्र बसवलं तो दिवस घरात सणासारखाच गेला. तात्या ताठ बसले होते, न्हाव्यापुढं बसावं तसे. तिनं यंत्र कानामागं अडकवलं, सुरू केलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तात्या, ऐकू येतंय का?"

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"असा आहे होय तुझा आवाज," ते म्हणाले. "मला वाटायचं तू नुसती ओठ हलवतेस."

मग त्यांनी घरभर फिरून एकेक आवाज गोळा केला. नळाचा, पंख्याचा, स्वतःच्याच चपलांचा. फ्रिजपुढं उभं राहून म्हणाले, "हा सारखा गुणगुणत असतो?" शेवटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकले. आत सासूबाई भांडी लावता लावता सवयीनं बोलत होत्या, "...दगडोबा बसलाय मेला खुर्चीत, हलायला नको..."

"दगडोबा ऐकतोय," तात्या म्हणाले.

सासूबाईंच्या हातातलं झाकण पडलं. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्रीच्या स्वयंपाकाला सासूबाईंनी पहिल्यांदाच सुनेला हात लावू दिला नाही. "तू बस आज," एवढंच म्हणाल्या. या घरातलं तिचं स्थान त्या एका वाक्यानं पक्कं झालं.

दिवेलागणीला तात्या मागच्या ओट्यावरून आत आले.

"शेजारी कोण राहायला आलंय?"

"कोणी नाही," नवरा म्हणाला. "कुलूप आहे की."

"मग घोरतंय कोण?"

३

कानांच्या धंद्यात हे नवीन नव्हतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या कानात एकदम आवाज ओतला की डोकं गोंधळतं. भांड्यात पाणी पडलं तर कुणी रडतंय असं वाटतं. तिनं घरच्यांना हे नीट समजावलं. हळू आवाजात. आता तसं बोलून चालत होतं.

पण तात्यांना ऐकू येणारा आवाज बदलत नव्हता. त्यांची खाट मागच्या खोलीत, सामाईक भिंतीला लागून. "भिंतीत श्वास आहे," ते म्हणायचे. "लांब. ओला. घशात काहीतरी अडकल्यासारखा."

तिनं भिंतीला कान लावला. काही नाही. चुन्याचा वास आणि स्वतःच्याच कानातल्या रक्ताची सळसळ.

"तू आलीस की थांबतं ते," तात्या म्हणाले.

"पाण्याचा पंप असेल, तात्या."

"पंप माणूस बघून थांबतो?" ते खाटेच्या कडेवर बसले होते, हात मांड्यांखाली दाबून, शाळेतल्या मुलासारखे. "ऐक. मी श्वास घेतला की तेही घेतं. मी सोडला की सोडतं. काल मी मुद्दाम थांबवून बघितला."

"मग?"

"तेही थांबलं." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पण जरा उशिरा."

कामावर जाताना तिनं फाटकाशी रखवालदाराला गाठलं. हा माणूस खुर्चीत असा बसायचा की खुर्ची त्याच्याबरोबरच जन्माला आली असावी.

"काका, शेवटच्या घरामागं काही असतं का?"

"पाहुणा? असतो की." तो जांभई देत म्हणाला. "बिबट्या हो. ओढ्यानं येतो-जातो. कुत्री संपवली त्यानं गल्लीतली. तुम्हाला सांगितलं नाही घरच्यांनी? नव्या सुनेला कोण सांगणार म्हणा, माहेरी पळून गेली तर!" तो खो खो हसला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "अहो घाबरू नका वहिनी. उभ्या माणसाला तो वाट देतो. फक्त वाकायचं नाही. वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही."

संध्याकाळी तिनं नवऱ्याला जाब विचारला. तो कान खाजवत म्हणाला, "अगं, तो काय घरात येतोय? सगळीकडंच असतात आता. लोक राहतातच ना?"

"आणि तात्या ऐकतात ते?"

"तो ओढ्यात असतो. तात्या म्हणतात भिंतीत. जनावर भिंतीत राहतं का?" तो स्वतःशीच पटल्यासारखी मान हलवत होता. तिलाही ते पटलं. न पटायला काही जागाच नव्हती.

४

तात्या जेवेनासे झाले. घास तोंडाशी नेऊन थांबायचे, मान कलती करून. एकदा सासूबाईंनी त्यांना भिंतीशी बोलताना पकडलं. भिंतीला हात लावून ते हळूच म्हणत होते, "कोण आहे? काय पाहिजे?"

त्या रात्री नवऱ्यानं दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "तात्यांच्या डोक्यावर परिणाम होतोय. आई म्हणते डोक्याच्या डॉक्टरला दाखवू. आजोबांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी त्यांना ठेवावं लागलं कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे?"

तो छताकडं बघत म्हणाला, "यंत्र नव्हतं तेव्हा बरे होते गं."

म्हणजे तिनंच आणलेल्या यंत्रापायी तात्यांना घराबाहेर काढणार. आणि तिला हेही ठाऊक होतं की या घरात तिचं म्हणणं नीट ऐकून घेणारे तात्याच एकटे आहेत.

तिच्याकडं उपाय होता. साधा, रोजचा. श्रवणयंत्र म्हणजे ओळीनं लावलेल्या खिडक्या. वरच्या खिडक्यांतून चमचे, पाखरं, बायकामुलांचे आवाज येतात. खालच्या खिडक्यांतून ट्रक, पंप, ढगांचा गडगडाट. कुठली खिडकी किती उघडायची ते लॅपटॉपवर ठरतं. गिऱ्हाईक म्हणालं घरघर होते, की खालच्या खिडक्या लोटून द्यायच्या. गिऱ्हाईक खूश. रोज कुणाच्या ना कुणाच्या ती लोटतच होती.

तिनं दवाखान्यातून लॅपटॉप आणला आणि तात्यांच्या खालच्या खिडक्या लावून टाकल्या.

तात्यांनी कान टवकारला. मागच्या खोलीत गेले, परत आले. चेहऱ्यावरची आठी हळूहळू सुटली.

"गेलं," ते म्हणाले.

"मी म्हटलं नव्हतं?" सासूबाईंनी देवाऐवजी सुनेलाच हात जोडले. "यंत्रातच खोट होती!"

५

मग चांगले दिवस आले. तात्या जेवू लागले, बातम्यांवर वाद घालू लागले. सासूबाई टाच आपटायचं विसरल्या. डॉक्टरचं नाव कुणी काढलं नाही.

खटकायला तशी एकच गोष्ट होती, तीही नसल्यासारखी. तात्यांच्या खोलीत केर काढताना तिचा हात सामाईक भिंतीला लागला, आणि भिंत कोमट होती. सगळी नाही. कपाटाजवळ, कमरेच्या खाली, टेबलाएवढा एक तुकडा. म्हैस टेकून उठून गेल्यावर गोठ्याची भिंत लागते, तसा.

पलीकडून ऊन येत असेल, तिनं ठरवलं. पलीकडच्या खिडक्या फळ्या ठोकून बंद होत्या, हे तिला माहीत होतं. तरी ऊन वाट काढतं. पुढच्या वेळी केर काढला तेव्हा तो तुकडा कपाटाजवळ नव्हता. तात्यांच्या उशीजवळ होता. तिनं केरसुणी ठेवून दिली आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? भिंतीला ताप आलाय?

त्याच आठवड्यात रखवालदार गेला.

सांज होती, फाटकापाशी माणसं येत-जात होती. तो मागच्या नळावर बादली भरायला वाकला. बादली सापडली, भरून वाहत असलेली. तो ओढ्यात सापडला. वसाहतीतल्या बायका एकमेकींना बिलगून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागं ती. आपण ऐकलेलं वाक्य तिच्या डोक्यात घुमत होतं. फक्त वाकायचं नाही. सांगणाराच वाकला होता.

वनखात्याची माणसं आली, ओढ्याकाठी पिंजरा लावला. संध्याकाळनंतर बाहेर पडू नका म्हणाली. रखवालदाराची खुर्ची फाटकाशी तशीच होती. तिच्यावर कुणी बसत नव्हतं आणि कुणी ती उचलतही नव्हतं.

तिला मात्र एकच विचार पोखरत राहिला. तात्या ऐकत होते ते खरं असलं तर? घरात राखणीला एकच कान होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं लोटून घेतला होता.

६

सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडं घेऊन नवरा गेला, त्या दुपारी तिनं लॅपटॉप पुन्हा उघडला. तात्यांना म्हणाली, यंत्र साफ करते. त्यांनी ते काढून तिच्या हातावर ठेवलं आणि मटारची पाटी घेऊन मागच्या ओट्यावर गेले.

"तात्या, आतच बसा ना."

त्यांना ऐकू आलं नाही. यंत्र तिच्या हातात होतं. पण तिनं दाराकडं हात केला, त्यावरून समजले. "भरदुपारी कोण येतंय गं? माझी जागा आहे ती," म्हणाले, आणि आडोशाच्या पत्र्याला जवळजवळ पाठ टेकवूनच बसले.

तिनं सगळ्या खिडक्या उघडल्या. वरच्या, मधल्या, खालच्या. यंत्र तपासायला दवाखान्यात डॉक्टरांच्या नळीसारखी एक नळी वापरतात, ती तिनं लॅपटॉपबरोबर घरी आणली होती. एक टोक यंत्राला, दुसरी दोन आपल्या कानांत. ती नळी लावून, यंत्र हातात धरून, ती मागच्या दारात उभी राहिली.

घड्याळ ऐकू आलं. शेंगा फोडल्याचे टिचकीसारखे आवाज. दूरवर एक ट्रक. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक श्वास.

तात्यांचा, तिनं स्वतःला सांगितलं. लांब, ओला. तात्यांचे खांदे वर जात होते, खाली येत होते. श्वासही येत होता, जात होता. बरोबर. अगदी बरोबर नाही. खांदे आधी हलत होते.

तेवढ्यात तात्यांनी तिच्याकडं बघितलं आणि मिस्कीलपणे मूठभर मटार तोंडात टाकले, चोरून खाणाऱ्या पोरासारखे गाल फुगवून बसले. खांदे थांबले.

श्वास चालू राहिला.

तिची नजर खाली गेली. पत्र्याखालच्या फटीजवळ मटारची सालं पडली होती. वारा नव्हता. सालं हळूच बाहेर सरकली. मग हळूच आत सरकली. पुन्हा बाहेर. पुन्हा आत.

तात्यांच्या मांडीवरचा एक दाणा घरंगळला आणि फटीच्या दिशेनं गेला. "अरेच्चा," म्हणत तात्या तो घ्यायला वाकले.

"तात्या!"

आयुष्यात पहिल्यांदा ती ओरडली. अख्ख्या गल्लीत घुमेल असं. तात्यांना ते ऐकूच गेलं नाही. पण सालं हलायची थांबली.

तिनं टाच आपटली. सासूबाईंसारखी नाही. हाड मोडेल अशी, पुन्हा, पुन्हा, सगळं अंग त्या एका टाचेत घालून. तात्यांनी दचकून मान वर केली. कंबर सरळ केली. तिचा चेहरा बघितला आणि काही न विचारता उठून उभे राहिले. त्यांच्या दंडाला धरून तिनं त्यांना आत ओढलं, आणि दार लोटता लोटता जे दिसलं ते एवढंच. फटीतून एक पंजा बाहेर आला होता. पिवळट, रुंद, दुपारच्या उन्हात अगदी स्वच्छ. तो झडप घालत नव्हता. ताटाबाहेर सांडलेलं शीत एखाद्यानं पुढं ओढावं, तसा तो सावकाश, एका नखानं, तो दाणा आत ओढून घेत होता.

७

दोनच दिवसांत पिंजऱ्यात बिबट्या सापडला. सगळी वसाहत बघायला गेली. म्हातारी मादी होती, एक दात तुटलेला, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. गाडी गेली तशी पोरं पुन्हा सायकली घेऊन बाहेर पडली.

पंज्याची हकीकत तिच्याकडून ऐकलेल्या सासूबाई तात्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "चुकलं माझं. मला वाटलं तुमचं डोकं गेलं."

"डोकं कधी होतं ते आधी ठरवा," तात्या म्हणाले. सगळे हसले. त्यांना आता कुणी कुठंही पाठवणार नव्हतं.

वनखात्याच्या माणसानं पलीकडच्या घराचं कुलूप काढायला लावलं, आत जनावराची जागा असेल तर बुजवायला. नवरा त्याच्याबरोबर गेला. मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत तीही गेली. मागच्या खोलीत फरशीवर धुळीचा थर होता, सायीसारखा, अखंड. पाऊल नाही, पंजा नाही, उंदराची रेघसुद्धा नाही.

"आत आलेलीच नाहीये ती," तो माणूस म्हणाला. "ओट्यावरच बसत असणार."

त्यांनी कुलूप लावायला घेतलं. तेवढ्यात तिला सामाईक भिंत दिसली. सगळ्या भिंतीवर धूळ आणि जाळी होती. फक्त कमरेच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पट्टा घासून घासून गुळगुळीत झाला होता. दगडी पायरी वापरून होते तसा. आणि त्याच्या खालची धूळ जशीच्या तशी.

"चल," नवरा म्हणाला. ती निघाली. एवढ्या आनंदात कोण भिंतींबद्दल बोलणार?

जेवताना नवऱ्यानं हसत विचारलं, "काय तात्या, आता येतंय का काही ऐकू?"

खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. तिनं त्या पुन्हा लावल्या नव्हत्या. तात्यांनी घास खाली ठेवला, मान किंचित कलती केली. घरातला प्रत्येक चेहरा त्यांनी पाळीपाळीनं बघितला. डॉक्टरचं नाव काढणारे चेहरे.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."

जेवण झाल्यावर ते तिच्याजवळ आले, कानातलं यंत्र काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवून तिची मूठ बंद केली.

"मला नको आता हे. तुझा आवाज ऐकला, बास झालं." ते पुन्हा ओरडून बोलत होते, पूर्वीसारखे. जाता जाता वळले आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "तुमच्या खोलीतली खाट जरा भिंतीपासून लांब घ्या."

"का, तात्या?" पण त्यांचे कान रिकामे होते.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. नवरा कामावर, सासूबाई अंगणात शेजारणीशी तारस्वरात गप्पा मारत होत्या. ऊन खोलीभर पसरलेलं. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली. ही भिंत शेजारची नव्हती. घराच्या मधली, पलीकडं त्यांचाच जिना. पाठीला ती ऊबदार लागली. बरं वाटलं, आणि मग बरं वाटेनासं झालं.

तिनं यंत्राला नळी जोडली. कानात घातली. अंगण, गप्पा, चिमण्या. आणि खाली, सगळ्यांच्या तळाशी, श्वास. लांब, ओला.

माझाच, तिनं स्वतःला सांगितलं. यंत्र माझ्याच हातात आहे, छातीपाशी. माझाच असणार.

तिनं श्वास रोखला.

आवाज चालू राहिला.

मग, जरा उशिरा, लक्षात आल्यासारखा, तोही थांबला.